पिंपरी-चिंचवड २०४१ : ३९ लाख की ८६ लाख?

वाचकांचे प्रश्न : लोकसंख्येचे दूरचे अंदाज

२०११ नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून व्हायची आहे. मधल्या काळात पाण्याच्या योजना, शाळा, दवाखाने, रस्ते हे सगळं अंदाजांच्या भरवशावर चाललं. म्हणूनच असेल, या वेळी बऱ्याच वाचकांनी एकच विषय काढला आहे : एखाद्या शहराची, तालुक्याची किंवा जिल्ह्याची वीस-तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची कशी, आणि दुसऱ्या कुणी काढली असेल तर तिच्यावर विश्वास किती ठेवायचा. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता आहे. जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये १०,१२,४७२ होती, २०११ मध्ये १७,२७,६९२ झाली. यावरून २०४१ चा आकडा अंकगणिती वाढीने काढला तर ३८.७ लाख येतो, भूमितीय वाढीने काढला तर ८५.८ लाख. मूळ आकडे तेच असताना एवढा फरक? कोणता धरायचा? (चिंचवड)

उत्तर : तुमचे दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि दोन्हींवर विसंबून जलवाहिनीचा व्यास ठरवू नये.

अंकगणिती पद्धत म्हणते, दर दहा वर्षांनी ७.१५ लाख माणसं वाढतील. भूमितीय पद्धत म्हणते, दर दहा वर्षांनी ७०.६ टक्के वाढ होईल, म्हणजे वर्षाला सुमारे ५.५ टक्के. पहिल्या दशकात दोन्हींत फारसं अंतर पडत नाही : २४.४ लाख आणि २९.५ लाख. तिसऱ्या दशकात मात्र ते ४७ लाखांवर जातं. माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरलं तर या ४७ लाखांचा अर्थ रोजचं सुमारे ६३६ दशलक्ष लिटर पाणी. नुसती पद्धत बदलल्याने एका मोठ्या शहराला पुरेल एवढं पाणी हिशेबात आलं किंवा गेलं.

अशा वेळी एक साधी कसोटी लावून बघा. महापालिकेचं क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे. २०११ ची घनता चौरस किलोमीटरला साडेनऊ हजार येते. ८६ लाख माणसं याच हद्दीत बसवली तर ती ४७ हजारांवर जाते. नदीपात्र, कारखान्यांची जमीन, संरक्षण खात्याची जमीन आणि रस्ते वगळून उरलेल्या जागेवर हे शक्य आहे का, हे तुमच्यासारख्या माणसाला कागद-पेन्सिल न घेताही कळेल. टक्केवारी पुढे ताणताना आपण जमिनीचा विचारच करत नाही, हा या पद्धतीचा मोठा दोष.

पाणीपुरवठ्याच्या कामात तिसरी एक पद्धत नेहमी वापरतात, वाढीतली वाढ धरण्याची. तीही करून बघू. १९९१ ची लोकसंख्या ५.१७ लाख. म्हणजे दोन दशकांतल्या वाढी ४.९५ लाख आणि ७.१५ लाख, सरासरी ६.०५ लाख. वाढीतली वाढ २.२० लाख. तीन दशकांसाठी १७.२८ अधिक (३ × ६.०५) अधिक (६ × २.२०; हे ६ म्हणजे १ + २ + ३) असं केलं की ४८.६ लाख येतात. मधला आकडा आला म्हणून तो जास्त खरा वाटतो. पण या हिशेबात एक खोट आहे. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली. १९९१ चा आकडा लहान हद्दीचा आणि २००१ चा मोठ्या हद्दीचा आहे, म्हणजे त्या ४.९५ लाखांतली काही माणसं कुठूनच आलेली नाहीत. ती आपल्या घरातच होती, फक्त हद्दीची रेघ त्यांच्या पलीकडे सरकली. १९९१ च्या आकड्यात त्या गावांची १९९१ ची लोकसंख्या मिळवल्याशिवाय हे सूत्र वापरू नका.

पुण्याचंही तेच. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. नव्या प्रभागरचनेसाठी याच २०११ च्या जनगणनेतून काढलेला आकडा सुमारे ३४.८ लाख आहे. जनगणना एकच, वर्ष एकच आणि आकडे दोन. २०२७ चा आकडा आला की त्याची तुलना ३४.८ लाखांशी करायची, ३१.२ लाखांशी नाही. ही चूक मोठमोठ्या अहवालांत होते, आणि ती झाली की पुढची सगळी गणितं फुगतात.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : या तिन्ही पद्धती, हद्द एक केल्यावर, दहा वर्षांपुरत्या चालतात. तीस वर्षांसाठी माणसं वयानुसार पुढे सरकवावी लागतात. ते कसं, हे पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी पुण्यात भूगोलात एम.ए. करते आहे. पुणे आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांचा २०४१ पर्यंतचा अंदाज प्रकल्पासाठी करायचा आहे. एकूण आकडा न ताणता वयोगटांवरून कसं करतात ते पायरीपायरीनं सांगाल का? माझ्याकडे एक्सेल आहे, बाकी काही नाही. (सदाशिव पेठ)

उत्तर : एक्सेल पुरेसं आहे, आणि जिल्ह्यांची जोडी फार चांगली निवडली आहे. २००१ ते २०११ मध्ये पुणे जिल्हा ७२.३ लाखांवरून ९४.३ लाखांवर गेला, म्हणजे ३०.४ टक्के वाढ. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, ४.८ टक्के घट. हा फरक जन्म-मृत्यूंनी पडलेला नाही. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, पुण्यात ९१५. रत्नागिरीतले पुरुष कामाला बाहेर आहेत आणि पुण्यात बाहेरचे पुरुष कामाला आलेले आहेत, हे एवढ्यावरून दिसतं. तेव्हा तुमच्या प्रकल्पाचा सगळा भार स्थलांतरावर आहे, आणि स्थलांतर हे वयावर ठरतं. विशी-पंचविशीतली माणसं हलतात, चाळिशीतली बसून असतात.

पहिलं काम तक्त्यांचं. जनगणनेचा पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा जिल्हावार तक्ता २००१ आणि २०११ साठी घ्या. स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या शीटवर. ० ते ४, ५ ते ९ असं करत ७५ ते ७९ आणि शेवटी ८० व त्यापुढे, असे १७ गट होतात. तक्त्याच्या तळाशी ‘वय नमूद नाही’ अशी एक ओळ असते. ती सोडून देऊ नका. त्या माणसांना सगळ्या गटांत प्रमाणात वाटा. नाहीतर बेरीज दर वेळी थोडी कमी पडते आणि आपण चूक भलतीकडेच शोधत बसतो.

पुढे जाण्याआधी आकड्यांवरून एकदा नजर फिरवा. आपल्याकडे वय सांगताना शून्यावर आणि पाचावर थांबायची सवय आहे. प्रगणक दारात उभा, आजी म्हणते ‘साठ लिहा’. त्यामुळे ६० ते ६४ चा गट ५५ ते ५९ पेक्षाही मोठा दिसू शकतो, आणि खऱ्या आयुष्यात तसं सहसा नसतं. शेजारच्या दोन गटांची बेरीज कायम ठेवून ती पुन्हा वाटली की हा उंचवटा बसतो. ० ते ४ हा गट नेमका उलटा, तो कमी मोजला जातो. तान्ही मुलं सांगायची राहून जातात.

आता मुख्य पायरी. २००१ मध्ये जे १० ते १४ वर्षांचे होते ते २०११ मध्ये २० ते २४ वर्षांचे झाले. म्हणून २०११ च्या २० ते २४ ला २००१ च्या १० ते १४ ने भागा. हे झालं त्या पिढीचं बदल-गुणोत्तर. अमेरिकेतल्या हॅमिल्टन आणि पेरी या दोघांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली, आणि कमी माहितीत काम भागवायचं तर आजही तिच्याइतकी सोयीची पद्धत नाही.

केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका जिल्ह्यात २००१ मध्ये १० ते १४ चे १०,००० मुलगे, २०११ मध्ये २० ते २४ चे १४,०००. गुणोत्तर १.४. दुसऱ्या जिल्ह्यात ८,००० चे ५,२०० झाले. गुणोत्तर ०.६५. या वयात दहा वर्षांत मृत्यू फार थोडे होतात, शंभरातला एखादा. म्हणजे नुसते मृत्यू धरले असते तर गुणोत्तर ०.९९ च्या आसपास आलं असतं. पहिल्या जिल्ह्यातले वरचे ०.४१ हे आत आलेले आणि दुसऱ्यातले कमी पडलेले ०.३४ हे बाहेर गेलेले. अशी सगळ्या वयांची गुणोत्तरं काढून आलेख काढा. पुण्याचा आलेख विशी-पंचविशीत डोंगरासारखा वर जाईल. रत्नागिरीचा तिथेच खाली घसरेल. रत्नागिरीत ५५ च्या पुढच्या वयांत एक गोष्ट मुद्दाम तपासा : गुणोत्तर नुसत्या मृत्यूंच्या हिशेबापेक्षा वर येतं का? येत असेल तर मुंबईतून निवृत्त होऊन गावच्या घरी परतलेली माणसं त्या आकड्यात आहेत. वाड्यांवर नव्याने रंगवलेली घरं दिसतात, त्यांचा हा आकड्यांतला माग.

शेवटच्या गटासाठी २०११ च्या ८० व पुढच्यांना २००१ च्या ७० व पुढच्या सगळ्यांनी भागायचं. ७० ते ७४, ७५ ते ७९ आणि ८० च्या पुढचे, तिन्ही मिळून. इथे फक्त ७० ते ७४ ने भागलं तर म्हातारी माणसं अमर होतात.

उरले सगळ्यात लहान दोन गट. ते दहा वर्षांपूर्वी जन्मलेच नव्हते, तेव्हा त्यांना आधीचा गट नाही. ० ते ४ च्या मुलांना त्याच वर्षीच्या १५ ते ४४ वयाच्या स्त्रियांनी भागा आणि ५ ते ९ च्या मुलांना २० ते ४९ वयाच्या स्त्रियांनी. २०२१ साठी आधी स्त्रियांचे गट पुढे न्या, मग या गुणोत्तरांनी मुलं काढा, मग मुलगे-मुली वेगळ्या करा. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. आपल्या राज्यात २०११ मध्ये ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, म्हणजे १०० मुलींमागे जवळजवळ ११२ मुलगे. २०४१ पर्यंत हे प्रमाण सुधारेल असं धरायचं की नाही, ते लिहून ठेवा. हे गृहीतक दिसायला लहान असलं तरी तीस वर्षांनी माता होणाऱ्या मुलींची संख्या त्यावर ठरते.

मुलांची ही गुणोत्तरं २०११ चीच ठेवू नका. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे आयुष्यभरात सरासरी होणारी अपत्यं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १.९ होता, २०१९-२१ च्या फेरीत १.७. तितक्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १० टक्के, तुमचं गुणोत्तर खाली आणा आणि पुढच्या दशकांसाठी एक चढा, एक उतरता असे दोन पर्याय धरा.

इथपर्यंत सगळं यंत्रासारखं होतं. यानंतरची पायरी चुकली तर सगळं चुकतं, म्हणून थोडं सावकाश वाचा.

वरच्या काल्पनिक उदाहरणातलं १.४ हे गुणोत्तर पुण्याचं मानलं आणि २०२१, २०३१, २०४१ असं तीनदा लावलं की काय होतं? आलेल्या तरुणांना मुलं होतात, ती मुलं १० ते १४ ची होतात, आणि आपण त्यांनाही पुन्हा १.४ ने गुणतो. जणू हिंजवडीत नोकरीला किती जण येणार हे पुण्यातल्या शाळकरी मुलांच्या संख्येवर ठरतं. खरं तर येणारे येतात ते लातूर, नांदेड, सोलापूर, अहिल्यानगर, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार इथून. त्यांची संख्या तिथे किती तरुण आहेत त्यावर अवलंबून, आणि तिथलाही जननदर उतरतो आहे. म्हणून जिथे माणसं आत येतात तिथे स्थलांतर संख्येत धरायचं : त्या उदाहरणात २००१-११ मध्ये या वयोगटात निव्वळ ४,१०० (१०,००० × ०.४१) आले, तर पुढेही साधारण तेवढेच, किंवा मुद्दाम ठरवून कमी-जास्त. जिथून माणसं बाहेर जातात तिथे मात्र दर धरायचा. रत्नागिरीतून दर दशकात ठरावीक संख्या वजा करत राहिलात आणि मुलंच कमी झाली, तर एखादा गट शून्याच्या खाली जाईल. आत येणाऱ्यांना संख्या, बाहेर जाणाऱ्यांना दर. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

रत्नागिरीबाबत आणखी एक. तिथल्या तरुणाची वाट पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची. पण २००१-११ मध्ये मुंबई शहर जिल्हाच ७.६ टक्क्यांनी घटला आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. चाळीतली खोली सोडून कुटुंबं कल्याण, डोंबिवली, विरारला गेली. गावाहून निघणाऱ्याचं ठिकाण बदललं तरी बाहेर जाण्याचा दर तोच राहू शकतो, म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी तपासा. आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा तुलनेत ठाणे घेणार असाल तर दोन्ही जिल्हे पुन्हा एकत्र करूनच.

शेवटी सगळ्या जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळवायची असते. तुम्ही दोनच जिल्हे करता आहात, त्यामुळे पूर्ण जुळणी होणार नाही. पण दोन्ही जिल्ह्यांचा राज्यातला वाटा २०११ मध्ये किती होता आणि तुमच्या हिशेबाने २०४१ मध्ये किती होतो, एवढं प्रकल्पात नक्की द्या. राज्याची लोकसंख्या २०११ मध्ये ११.२४ कोटी होती. पुणे जिल्ह्याचा वाटा ८.४ टक्के येतो. तो २०४१ मध्ये २० टक्क्यांवर गेलेला दिसला तर कुठेतरी दर एकदा लावायच्या जागी दोनदा लागला आहे.

प्रश्न : जनगणना नाही तर नाही, पण मतदारयादी आहे, आधार आहे, वीजमीटर आहेत, जन्मनोंदी आहेत. यांवरून आजची लोकसंख्या का काढत नाहीत? (हडपसर)

उत्तर : काढतात, पण प्रत्येकाची खोड माहीत असावी लागते.

मतदारयादीत नाव गावाकडे आणि राहणं हडपसरला, असे हजारो. काहींची दोन्हीकडे. गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत. शिवाय १८ च्या आतलं कुणी त्यात नसतं. आधारवरचा पत्ता माणूस बँकेने अडवल्याशिवाय बदलत नाही.

जन्मनोंदीत फसगत जास्त होते, कारण ती दिसायला सगळ्यात पक्की. आपल्या कायद्यात जन्म जिथे होतो तिथे नोंदवला जातो, आई जिथे राहते तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. हडपसरच्या सुनेचं बाळ बार्शीत नोंदलं जातं. उलट, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या अवघड बाळंतपणाच्या स्त्रिया पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात येतात आणि ती बाळं पुण्याच्या खात्यावर चढतात. शहराचा जन्मदर या नोंदींवरून काढला तर तो फुगलेला, आणि भोर-वेल्ह्याचा काढला तर खंगलेला दिसतो. आईचा राहण्याचा पत्ता नोंदीच्या अर्जावर असतो. त्या पत्त्यावरून नोंदी पुन्हा लावून घेतल्या तरच उपयोग.

त्यातल्या त्यात घरांवरून काढलेला आकडा बरा. राहती घरं गुणिले त्यांतलं भरलेल्यांचं प्रमाण गुणिले घरातली सरासरी माणसं, आणि त्यात वसतिगृहं, मजुरांच्या वसाहती वेगळ्या मिळवायच्या. मिळकतकराची यादी किंवा घरगुती वीजजोडण्या इथे कामाला येतात. घोळ होतो तो दोन जागी. गुंतवणुकीसाठी घेतलेले रिकामे फ्लॅट : त्यांना मीटर आहे, माणूस नाही. महिन्याचा वापर अगदी नाममात्र असलेली मीटरं वेगळी काढली की यातले बरेच गळतात. दुसरी जागा वस्त्यांची : एका मीटरवर तीन खोल्या, तीन चुली. नव्या टॉवरची सरासरी वस्तीला किंवा वस्तीची टॉवरला लावू नका. दोन-तीनशे घरांची नमुना पाहणी दोन्हीकडे वेगवेगळी करा.

प्रश्न : फेब्रुवारीत जनगणना होते तेव्हा बीडचे ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळावर असतात. ते कुठे मोजले जातात? (बारामती)

उत्तर : २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी असा मोजणीचा काळ होता. जो माणूस हा संपूर्ण काळ घरापासून दूर असतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. म्हणजे खोपीत राहणारं जोडपं बारामतीच्या किंवा माळशिरसच्या खात्यावर, आणि मागे राहिलेले आजी-आजोबा व शाळेतली मुलं बीडच्या. त्यामुळे काही तालुक्यांत २० ते ४० वयोगट ऐन हंगामात भरलेला आणि काहींत ओसरलेला दिसतो. बीड, जालना, पाथर्डी, बारामती, इंदापूर अशा भागांची बदल-गुणोत्तरं काढताना हे लक्षात ठेवा. दोन्ही जनगणना फेब्रुवारीतच झाल्याने गुणोत्तरावर परिणाम थोडा कमी होतो, पण दवाखाना किंवा शाळा किती जणांसाठी हवी हे ठरवताना बारा महिने राहणारे आणि सहा महिने राहणारे वेगळे मोजलेच पाहिजेत.

प्रश्न : मी भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पट दरवर्षी घटतो आहे. आमच्या गावाचा वीस वर्षांचा अंदाज काढून मिळेल का? (भोर)

उत्तर : बाई, एका गावाचा वीस वर्षांचा अंदाज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. गावात शंभर-सव्वाशे घरं असतात. एखादा रस्ता झाला, चार कुटुंबं पुण्याला गेली की सगळं गणित बदलतं. शिवाय जनगणनेच्या गावपातळीवरच्या सारांशात वयाची माहिती ० ते ६ या एकाच गटाची मिळते. वयोगटांची पद्धत तिथे चालवायला हाताशी काहीच नसतं.

पण तुम्हाला खरं तर सहा वर्षांचा अंदाज हवा आहे, आणि तो तुम्ही स्वतःच कुठल्याही तज्ज्ञापेक्षा चांगला काढाल. सहा वर्षांनी पहिलीत येणारं मूल आज अंगणवाडीताईंच्या वहीत आहे किंवा येत्या काही महिन्यांत येईल. त्या वहीतून जन्मवर्षानुसार यादी करा. माहेरी जन्मून गावात आलेली बाळं वहीत असतात, जन्मनोंदीत नसतात, म्हणून वहीच घ्या. मग मागच्या पाच वर्षांच्या वह्या आणि पहिलीचा पट शेजारी शेजारी ठेवा : वहीतल्या दर दहा मुलांपैकी किती तुमच्या पहिलीत आली? सात आली असतील तर ०.७. बाकीची तीन कुठे गेली हेही लिहा, कारण भोरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसलेलं मूल आणि आई-वडिलांबरोबर पुण्याला गेलेलं मूल यांत फार फरक आहे. पहिलं गावातच आहे; ते परत येऊ शकतं. पुढे दुसरी, तिसरी, चौथीसाठी मागच्या इयत्तेतून किती मुलं पुढे सरकली ते गुणोत्तर. पाच वर्षांची सरासरी घ्या, एकाच वर्षाची नको. वर्गात आठ मुलं असतील तर दोन गेली की पंचवीस टक्के घट दिसते, आणि अशा टक्केवारीवर शाळेचं भवितव्य ठरवू नये, हे तुम्ही बैठकीत ठामपणे मांडा.

प्रश्न : राज्याचा जननदर दोनच्या खाली गेला म्हणता, मग लोकसंख्या अजून वाढते कशी? (तळेगाव)

उत्तर : मागच्या जास्त जन्मांच्या काळातल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मुलं कमी होतात, पण आयाच संख्येने जास्त आहेत. हा मोठा जथा वयाने पुढे सरकेपर्यंत जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. त्याच कारणाने घट सुरू झाली की तीही लगेच थांबत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर ज्या वयाच्या मुली आई व्हायच्या, त्यांतल्या बऱ्याच ठाण्याला आणि पुण्याला आहेत. त्यांची बाळं तिकडच्या खात्यावर, इकडे वयस्कर माणसं.

प्रश्न : केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०३६ पर्यंतचे आकडे दिले आहेत. ते असताना वेगळा हिशेब कशाला? आणि अशा अंदाजांत चूक किती धरायची? (औंध)

उत्तर : तो अहवाल २०२० चा. २०११ ते २०३६ या काळासाठी देशाचे आणि राज्यांचे आकडे त्यात आहेत. २०३६ साठी देशाची लोकसंख्या सुमारे १५२.२ कोटी धरली आहे. वयोगट पुढे सरकवण्याचीच पद्धत वापरली आहे आणि काम काळजीपूर्वक केलेलं आहे. पण तो राज्यापाशी थांबतो, जिल्ह्यांचे आकडे देत नाही. आणि राज्याराज्यांतल्या स्थलांतराचा दर २००१-११ चाच पुढे चालू धरला आहे. त्यामुळे महाराष्ट्राची एकूण मर्यादा त्यातून घ्यावी, जिल्ह्यांची वाटणी स्वतः करावी.

चुकीबद्दल अमेरिकेतला अनुभव मोजमापाचा आहे, कारण तिथे जुने अंदाज नंतरच्या जनगणनांशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. दहा वर्षांच्या अंदाजात राज्यासाठी साधारण ६ टक्के, काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागासाठी, १२ टक्के, आणि मोहल्ल्याएवढ्या छोट्या जनगणना-विभागांसाठी १८ टक्के सरासरी चूक येते. तीस वर्षांच्या अंदाजात ती सुमारे तिप्पट होते. आपल्याकडे शेवटची जनगणना इतकी जुनी असताना याहून कमी चूक धरायला आधार नाही. म्हणजे तीस वर्षांनंतर जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी ४० लाख असेल असं लिहायचं असेल, तर ९० लाख ते १ कोटी ९० लाख एवढा पट्टा त्याच ओळीत लिहावा लागतो.

त्या पट्ट्याचा वापर असा करतात : जमीन आणि धरणातलं पाणी वरच्या आकड्यासाठी राखून ठेवायचं, कारण ते नंतर मिळत नाही. पंप, टाक्या, वर्गखोल्या मधल्या आकड्याच्या पहिल्या दहा वर्षांपुरत्या बांधायच्या आणि पुढच्यासाठी जागा मोकळी ठेवायची. २०२७ च्या जनगणनेचे वयोगटांचे तक्ते आले की २०११ च्या तक्त्यांशी ताडून गुणोत्तरं नव्याने काढायची. मधलं अंतर सोळा वर्षांचं आहे, पाचाच्या पटीत बसत नाही. त्यामुळे पाच-पाचचे गट थेट जुळणार नाहीत; एकेका वर्षाच्या वयाचा तक्ता घ्यावा लागेल, आणि शून्य-पाचवर थांबलेली वयं आधी सपाट करूनच तो वापरावा लागेल.